वर्गातले पान

प्रकाशसंश्लेषण, म्हणजे हिरव्या वनस्पतींनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार करण्याची क्रिया, शिकवताना माध्यमिक शाळांत जे दोन-तीन प्रयोग दाखवले जातात, किंवा निदान वहीत ज्यांच्या आकृत्या काढून घेतल्या जातात, त्यांतला एकही मुळात शाळेसाठी जन्मलेला नाही. ते संशोधकांच्या शंकांतून निघाले, आणि वर्गात पोहोचेपर्यंत शंका गळून पडून निष्कर्ष तेवढा उरला.

हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीवर नरसाळे पालथे घालून उन्हात निघणारे बुडबुडे परीक्षानळीत गोळा करण्याच्या प्रयोगामागे एक मोठे अपयश आहे. मेणबत्ती जळून विझल्यावर बंद भांड्यात उरलेली हवा पुदिन्याच्या डहाळीमुळे पुन्हा ज्वलनास योग्य होते, हे इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांना 1771 साली आढळले. परंतु 1778 च्या सुमारास त्यांनी असे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा ते कधी साधत आणि कधी फसत, कारण भांड्यावर ऊन किती पडते याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नव्हता. हे कोडे 1779 च्या उन्हाळ्यात यान इंगेनहाउझ या डच वैद्यांनी लंडनजवळ सोडवले: पाण्यात बुडवलेल्या पानांवर शुद्ध हवेचे बुडबुडे धरतात ते केवळ हिरव्या भागांवर आणि केवळ उजेडात, तर अंधारात तीच पाने हवा दूषित करतात. प्रिस्टली यांचे फसलेले प्रयोगही पाठ्यपुस्तकांत आले असते, तर प्रकाशाचे महत्त्व विद्यार्थ्यांना कदाचित अधिक पटले असते.

आयोडीनचा प्रयोग त्यानंतर जवळजवळ शतकाने आला. हरितलवकांत, म्हणजे पेशींतील हिरव्या कणांत, दिसणारे पिष्ट प्रकाशावर अवलंबून असते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस झाक्स यांनी 1860 नंतरच्या दशकात दाखवले. पुढे 1884 मध्ये त्यांनी पान उकळून, गरम अल्कोहोलने त्यातील हरितद्रव्य काढून, आयोडीनने अखंड पानातील पिष्ट डोळ्यांना दिसेल असे केले. सूक्ष्मदर्शकाशिवाय, थोड्या खर्चात आणि तासा-दीड तासात उरकणारी ही रीत शिक्षकांना सोयीची वाटली नसती तरच नवल. त्याआधीच जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली यांनी 1870 नंतर लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी घेतलेल्या वर्गांनी जीवशास्त्र हाताने करून शिकण्याचा पायंडा पाडला होता. अमेरिकेत विल्यम गॅनाँग यांनी 1901 साली वनस्पतींच्या शरीरक्रियांवरील प्रयोगांचे पाठ्यपुस्तकच दिले, आणि पानाचा काही भाग झाकण्याचे त्यांच्या नावाचे साधन भारतीय महाविद्यालयांतही परिचित झाले.

सोयीची किंमत मात्र मोजावी लागली. कांद्यासारख्या अनेक वनस्पतींच्या पानांत पिष्ट साठत नाही, त्यांत शर्करा असते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर मायर यांनी 1885 मध्येच नोंदवले होते. तरीही वर्गासाठी जास्वंद किंवा रंगीबेरंगी क्रोटन अशी ‘खात्रीची’ पानेच निवडली जातात, त्यामुळे पिष्ट हेच प्रकाशसंश्लेषणाचे एकमेव फळ असल्याचा समज पक्का होतो.

सर्वांत मोठा बदल घडला तो अर्ध्या पानाच्या प्रयोगात. डच वनस्पतिशास्त्रज्ञ मोल यांनी 1877 मध्ये हा विषय हाताळला तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो वनस्पतीला कार्बन कोठून मिळतो हा. जमिनीतील कुजलेल्या द्रव्यातून तो मुळांवाटे पानांपर्यंत पोहोचत असेल, ही कल्पना तोवर पूर्णपणे मावळलेली नव्हती. कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत पानाचा अर्धा भाग अडकवला की, मुळे मातीत आणि उरलेले पान मोकळ्या हवेत असूनही, त्या अर्ध्या भागात पिष्ट तयार होत नाही. म्हणजे मुळे किंवा शेजारचा भाग त्याची उणीव भरून काढू शकत नाहीत, पानाच्या प्रत्येक भागाला कार्बन भोवतालच्या हवेतूनच घ्यावा लागतो. शाळेच्या प्रयोगवहीत याचाच निष्कर्ष ‘प्रकाशसंश्लेषणास कार्बन डायऑक्साइड आवश्यक असतो’ एवढा उतरतो, आणि झाडाची मुळे या प्रयोगात कशासाठी विचारात घेतली होती हे विचारण्याचे कारणच विद्यार्थ्यापाशी राहत नाही.