उंटांनी दाबलेली वाट

१८९६ सालच्या नोव्हेंबरात आर्थर रिचर्डसन नावाचा चोविशीतला तरुण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डीहून सायकलवर निघाला आणि एकतीस दिवसांनी ॲडलेडला पोचला. मध्ये नलारबॉरचं उजाड मैदान होतं, वाळूचे पट्टे होते, भर उन्हाळा होता. सामान अगदी थोडं, पाण्याची एक पिशवी, आणि दिशा चुकू नये म्हणून तारायंत्राच्या खांबांची सोबत. हे मैदान सायकलवरून ओलांडणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव झालं. पुढे जून १८९९ ते फेब्रुवारी १९०० या काळात तो सायकलवरून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आला.

मी ॲडलेडमध्ये सायकली दुरुस्त करते. टायर, रिम, चेन यांत माझा दिवस जातो. सिम्प्सनच्या वाळवंटातल्या पाच दिवसांच्या सायकल शर्यतीची तयारी मी सुरू केली, तेव्हा रिचर्डसनची हकीगत वाचताना माझ्यातली मिस्त्री पहिल्यांदा जागी झाली. त्या काळचे टायर दोन इंचांहूनही अरुंद असायचे. असा टायर कोरड्या, सैल वाळूत घातला तर चाक रुततं आणि स्वार उतरतो. मग सोन्याच्या मुलखात शेकडो माणसं सायकली चालवत होती, ती कशावरून?

आधी सायकल तिथे का गेली ते पाहू. कूलगार्डीला सोनं सापडलं १८९२ मध्ये आणि कॅलगुर्लीला १८९३ मध्ये. माणसांचे लोंढे आले, पण पाणी नव्हतं. खारं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळालेलं पाणी विकत घ्यावं लागे. अशा ठिकाणी घोडा पाळणं म्हणजे त्याच्या चाऱ्यापाण्यासाठी पदरचे पैसे ओतणं. सायकलीला ना चारा लागतो ना पाणी. रबरी हवेचा टायर डनलॉपने १८८८ मध्येच आणला होता, आणि दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकलही बाजारात आली होती. १८९४ मध्ये कूलगार्डीत सायकलस्वारांकरवी पत्रं आणि तारा पोचवण्याचा धंदा सुरू झाला. कूलगार्डी सायकल एक्सप्रेस हे त्याचं नाव. पुढे या कंपनीने स्वतःची तिकिटंही छापली. एका छावणीत सोनं लागल्याची बातमी दुसऱ्या छावणीत पोचायची ती पुष्कळदा सायकलवरून.

आणि या सायकली चालायच्या उंटांच्या वाटांवर. तिथले लोक या वाटांना पॅड म्हणत. उंटाच्या पायाला घोड्यासारखा कडक खूर नसतो. खाली रुंद, मऊ गादी असते आणि वजन पडलं की ती पसरते. घोड्याचा खूर वाळू उकरतो, उंटाचा पाय ती दाबतो. माल लादलेले उंट नाकातल्या दोरीने एकामागे एक बांधलेले, एकाच रेषेत चालायचे. असे तांडे त्याच वाटेने वारंवार गेले की वाळूत एक अरुंद, गुळगुळीत, घट्ट पट्टी तयार व्हायची. गाडीच्या दृष्टीने तिची रुंदी काहीच नाही, पण सायकलीला तेवढीच लागते. अनोळखी मुलखात स्वार गाडीरस्ता सोडून पॅड शोधायचा. खाणी आणि पाणवठे यांना जोडणारं हे जाळं कोणत्याही सरकारी खात्याने आखलेलं नव्हतं.

ते आखलं उंटवाल्यांनी. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं जाई, पण त्यांत बलुच होते, पठाण होते, पंजाबी, सिंधी आणि राजस्थानीही होते. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी चोवीस उंट आणि त्यांचे राखणदार मेलबर्नला उतरले, ते कराचीहून निघालेले. त्या राखणदारांत साम्ला नावाचा एक हिंदू माणूसही होता. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभराहून अधिक उंट आणि तीसेक माणसं पोर्ट ऑगस्टाला आणली, तीही कराचीहूनच. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. १९३६ मध्ये सिंध वेगळा होईपर्यंत पुणे, सोलापूर आणि कराची यांचा कारभार एकाच गव्हर्नराच्या हाताखाली चालायचा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाचा इतिहास परका समजून मी वाचायला बसले होते. हा तपशील कळल्यावर मात्र तो आपल्याच इलाख्याच्या दप्तरातलं एक सुटं पान वाटू लागला.

रिचर्डसनचं ते १८९६ साल उंटवाल्यांच्या बाजूने वाचलं तर वेगळंच दिसतं. जानेवारीत कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढत असताना ताघ महंमद या बड्या उंट व्यापाऱ्याची गोळी घालून हत्या झाली. तो आणि त्याचा भाऊ फैज यांच्या उंटांवरून खाणींचा माल येत-जात असे. त्याच वर्षी बेजाह दरवेश नावाचा बलुच उंटवाला, जो पूर्वी ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात होता, कॅल्व्हर्ट शोधमोहिमेबरोबर ग्रेट सँडी वाळवंटात शिरला. पाण्यावाचून जीव जायची वेळ आली तेव्हा उंट सांभाळून तांडा पार नेण्यात त्याचा मोठा वाटा होता. मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्स याने आपलं होकायंत्र त्याला भेट दिलं. या माणसांनी खाणींना अन्न, अवजारं, तारेचे खांब पुरवले, पण खाणीत सोनं काढायचा परवाना मात्र कायद्याने त्यांना मिळत नव्हता. १९०१ च्या स्थलांतरबंदीच्या कायद्याने नव्या माणसांसाठी दारही बंद झालं.

पॅड नसेल तिथे काय व्हायचं, ते जेरोम मुरिफच्या प्रवासात दिसतं. मार्च १८९७ मध्ये त्याने ॲडलेडजवळच्या ग्लेनेलगला सायकलचं चाक समुद्रात बुडवलं आणि मे महिन्यात डार्विनच्या समुद्रात. खंड दक्षिणोत्तर ओलांडणारा तो पहिला सायकलस्वार. वाळूच्या टेकड्या लागल्या की तो मुकाट्याने उतरून सायकल ढकलायचा.

आता माझ्या शर्यतीच्या मुलखाकडे येते. सिम्प्सनच्या वाळवंटात लाल वाळूच्या समांतर रांगा आहेत. काही रांगा शेकडो किलोमीटर लांब, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना अशा हजाराहून अधिक ओलांडाव्या लागतात. हे निर्मनुष्य रान नव्हतं. वांगकांगुरू लोक इथे राहत. वाळूत खोल, अरुंद खोदलेल्या मिकिरी नावाच्या विहिरींवर त्यांचं जगणं चाले. १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे या सर्वेक्षकाला एका वांगकांगुरू माणसानेच या विहिरी एकामागून एक दाखवल्या. १९०० च्या सुमाराला ते लोक वाळवंटाबाहेर पडले. १९३६ मध्ये टेड कोल्सनने हे वाळवंट ओलांडलं, तेव्हा त्याच्यासोबत पीटर एन्स हा आदिवासी जोडीदार होता आणि उंट होते. १९३९ मध्ये सेसिल मॅडिगनच्या मोहिमेत उंटांची जबाबदारी सांभाळणारा जॅक बेजाह हा त्याच बेजाह दरवेशचा मुलगा.

त्यानंतर यंत्रं आली. १९६३ मध्ये एका फ्रेंच कंपनीने तेलासाठी पुर्नी इथे भोक पाडलं, आणि वर आलं गरम पाणी. त्याच कंपनीच्या बुलडोझरांनी रांगांमधून सरळ पूर्वेला जाणारी फ्रेंच लाइन कापली. १९८७ पासून या पुर्नी बोअरपासून बर्ड्सव्हिल गावापर्यंत सायकलींची शर्यत होऊ लागली. पाच दिवस, पाचशेहून अधिक किलोमीटर, सकाळी एक टप्पा आणि दुपारी दुसरा. विमानातून डॉक्टर नेणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिससाठी या शर्यतीतून निधी उभा राहतो. नियम कडक आहे. सगळ्यांच्या मागून ठरलेल्या वेगाने एक गाडी येते. तिने गाठलं की स्वाराने त्या टप्प्यापुरतं गाडीत बसायचं आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा उभं राहायचं. त्यामुळे इथे पहिल्या क्रमांकाइतकाच मान प्रत्येक किलोमीटर स्वतःच्या पायांनी पुरा करणाऱ्याला मिळतो.

पण या मुलखात आज उंटांचे तांडे नाहीत. १९२० च्या दशकात मोटारी आल्या आणि उंटवाल्यांच्या पोटावर पाय आला. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. कित्येक उंटवाल्यांनी जिवाभावाची जनावरं गोळीला न देता रानात सोडून दिली. आज तिथे रानटी उंट दिसतात ते त्यांचेच वंशज. शर्यतीच्या वाटेवर आता चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या धावतात, त्या चढावरची वाळू उकरतात, खड्डे पाडतात, सपाटीवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठवतात. उंटाचं जमीन दाबायचं काम आता टायरलाच करावं लागतं.

ते टायरला जमलंही आहे. न्यू मेक्सिकोतल्या रे मोलिना याने वाळूच्या टेकड्यांवर चालवण्यासाठी अतिरुंद रिम आणि साडेतीन इंची टायर बनवून घेतले. अलास्कात बर्फावर सायकल चालवणाऱ्यांची खटपट वेगळी चालली होती. १९९९ च्या सुमाराला हे दोन धागे जुळले, आणि २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्स्ली ही सायकल साध्या दुकानात मिळू लागली. तिला जवळजवळ पावणेचार इंची टायर. त्यामागचा हिशेब सोपा आहे. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच तो जमिनीवर टाकतो. रस्त्यावरच्या सायकलीत ऐंशी-नव्वद पीएसआय हवा असते, वाळूत मी सहा-सातवर येते. टायर बसका होतो, पसरतो आणि वाळू उकरायचं सोडून दाबायला लागतो. उंटाच्या पायाची युक्ती हीच.

माझी तयारी मी त्याच हिशेबाने चालवली आहे. गूलवाच्या समुद्रकिनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूतून मुद्दाम कोरड्या वाळूत शिरायचं, पुन्हा बाहेर यायचं. हँडल हलकं धरायचं, वजन मागे, गिअर हलका, आणि पाय गोल फिरवायचे. झटका दिला की मागचं चाक जागच्या जागी खोदतं. पहाटेच्या गार वाळूत जास्तीत जास्त अंतर काढायचं, कारण दुपारी तीच वाळू सैल होते. आणि सायकल ढकलत टेकडी चढायचा सराव करायचा. हजार रांगांपैकी कित्येक पायीच चढाव्या लागतात, तेव्हा चपळाईने उतरणं, ढकलणं आणि माथ्यावर लगेच बसणं हेही कसब आहे. ट्यूब काढून टायरात चिकाचं द्रावण भरते, कारण तिथे सराटे आहेत. बार्शीच्या शिवारात लहानपणी आमच्या टाचांत रुतणारे तेच सराटे इथल्या सायकलवाल्यांच्या शिव्या खातात. चेनच्या कड्यांत वाळू गेली की त्या दळून निघतात, म्हणून चेनला ओलं तेल नाही, सुकं मेण लावते.

तयारीचा दुसरा भाग वाचनाचा आहे, आणि तो मी तितक्याच गंभीरपणे घेते. रिचर्डसनचं धाडस खरंच मोठं होतं. पण सायकलचा इतिहास त्याच्यापाशी सुरू करायचा आणि त्या मुलखातल्या वाटा आपोआप उगवल्या असं समजायचं, हे मला पटत नाही. वाळूवर कोणीही एकट्याच्या बळावर जात नाही. पाणी कुठे आहे हे वांगकांगुरूंनी दाखवलं, जमीन कराचीहून आलेल्या माणसांच्या उंटांनी दाबली, आणि त्यानंतर सायकली धावल्या. म्हणून माझ्या दुकानात वाळवंटात जाणारा कोणी टायर बदलायला आला की हवेचा दाब सांगताना मी ताघ महंमद, बेजाह बाप-लेक, पीटर एन्स यांची नावंही सांगते. किती हवा भरायची हे ज्याला माहीत हवं, त्याला ही नावंही माहीत हवीत.