सतरा वर्षांची कारकीर्द, तीन मोसमांचा पगार

अमेरिकेची फुटबॉलपटू मिया हॅम हिच्या नावावर आकड्यांची कमतरता नाही. आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या या मुलीनं १९८७ ते २००४ या काळात देशाकडून २७६ सामने खेळून १५८ गोल केले. तिच्या संघानं दोनदा विश्वचषक आणि दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. ‘फिफा’नं वर्षातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा पुरस्कार सुरू केला, तेव्हा २००१ आणि २००२ अशी पहिली दोन्ही वर्षं तो तिलाच मिळाला. मला मात्र या सगळ्यांत एक लहानसा आकडा अधिक बोलका वाटतो. तो म्हणजे तीन. सतरा वर्षांच्या या कारकिर्दीत मायदेशी एखाद्या क्लबचा पगार घेऊन लीग खेळण्याची संधी तिला मिळाली ती जेमतेम तीन मोसम. महिला फुटबॉलचा इतिहास समजून घ्यायचा, तर या तीनाचा हिशेब मांडायला हवा.

मियाचा जन्म १७ मार्च १९७२ रोजी अलाबामा राज्यातल्या सेल्मा इथं झाला. वडील हवाई दलात, त्यामुळे बिऱ्हाड सतत फिरतं. तिच्या जन्मानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, अध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखलं जातं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. गंमत अशी, की त्या कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग ठरला आणि शाळा-कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले, मैदानं द्यावी लागली, शिष्यवृत्त्या ठेवाव्या लागल्या.

या पेरणीचं पहिलं भरघोस पीक म्हणजे मियाची पिढी. ३ ऑगस्ट १९८७ रोजी ती चीनविरुद्ध देशाकडून पहिल्यांदा खेळली, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. पुढं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्रशिक्षक अॅन्सन डोरन्स यांच्या हाताखाली तिनं चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९९१ साली चीनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिला ‘विश्वचषक’ हे नाव देण्याचं धाडसही ‘फिफा’ला झालं नव्हतं आणि सामने नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. अंतिम सामन्यात अमेरिकेनं नॉर्वेला २-१ असं हरवलं. विजेत्या संघात एकोणीस वर्षांची मिया होती.

आता प्रश्न असा, की कॉलेज संपल्यावर पुढं काय? कायद्यानं मुलींना मैदान दिलं ते कॉलेजच्या फाटकापर्यंत. त्या फाटकाबाहेर बाजार होता, आणि महिला फुटबॉलला त्या बाजारात जागा नव्हती. १९९४ पासून २००१ पर्यंत, म्हणजे एखाद्या आघाडीच्या खेळाडूच्या ऐन उमेदीच्या वर्षांत, जगातल्या या अव्वल खेळाडूसाठी तिच्या देशात पूर्ण वेळ पगारी लीग नव्हती. जी काही मिळकत होती ती राष्ट्रीय संघातून आणि जाहिरातींतून. तिथंही भांडावं लागलं. अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, १९९५ च्या अखेरीस, पदकाच्या बक्षिसाच्या रकमेवरून वाद झाला आणि नऊ खेळाडूंना सराव शिबिराबाहेर ठेवण्यात आलं. त्यांत मियाही होती. महासंघ फक्त सुवर्णपदकालाच बक्षीस द्यायला तयार होता. वाद मिटला, संघ खेळला आणि १९९६ मध्ये ७६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर चीनला हरवून सुवर्णपदक घेऊन आला.

१९९९ चा विश्वचषक अमेरिकेतच भरला. १० जुलै रोजी कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षक होते. चीनविरुद्धचा तो सामना जादा वेळेतही गोलशून्य राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये चौथी किक मियाची होती. तिनं ती अचूक मारली, पाचवी ब्रँडी चॅस्टेननं मारली आणि अमेरिका जिंकली. त्याच वर्षी ‘नायके’नं आपल्या आवारातल्या एका मोठ्या इमारतीला मियाचं नाव दिलं. बूट बनवणाऱ्या कंपनीनं तिच्या नावाची इमारत उभी केली, पण ते बूट घालून दर आठवड्याला खेळायला तिच्याकडे क्लब नव्हता! जानेवारी २००० मध्ये विश्वविजेत्या खेळाडूंनी चांगल्या करारासाठी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर बहिष्कार टाकला आणि नवा करार पदरात पाडून घेतला.

अखेर एप्रिल २००१ मध्ये आठ संघांची ‘वूसा’ ही लीग सुरू झाली. सगळ्याच खेळाडूंना पगार देणारी महिलांची ही जगातली पहिली लीग मानली जाते. वॉशिंग्टनमधल्या उद्घाटनाच्या सामन्याला ३४ हजार लोक आले आणि मियाच्या ‘वॉशिंग्टन फ्रीडम’नं तो १-० असा जिंकला. पण हिशेब चुकला होता. पाच वर्षं पुरावं म्हणून ठेवलेलं सुमारे चार कोटी डॉलरचं भांडवल पहिल्याच वर्षी संपलं. प्रेक्षक घटले, प्रायोजक मिळेनात. मोठ्या खेळाडूंनी स्वतःच्या पगारात कपात पत्करली, तरी तोटा भरेना. ऑगस्ट २००३ मध्ये ‘फ्रीडम’नं लीगचं विजेतेपद मिळवलं आणि १५ सप्टेंबरला, विश्वचषकाला पाच दिवस उरले असताना, लीग गुंडाळल्याची घोषणा झाली.

मग हे तीन मोसम वाया गेले का? मला तसं वाटत नाही. त्या शेवटच्या अंतिम सामन्यात ‘फ्रीडम’चे दोन्ही गोल अॅबी वॉम्बॅक नावाच्या तरुण मुलीनं केले होते. मियाशेजारी खेळत ती तयार झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्राझीलविरुद्ध जादा वेळेत तिनंच विजयी गोल केला आणि मियाला सुवर्णपदकासह निवृत्त होता आलं. २०१३ मध्ये मियाचा १५८ गोलांचा विक्रम मोडला, तोही याच वॉम्बॅकनं. एका पिढीनं दुसरीला घडवायचं, तर दोघींना रोज एकत्र खेळायला जागा लागते. ती जागा त्या तीन मोसमांनी दिली.

२००९ मध्ये दुसरी लीग निघाली. तिच्या बोधचिन्हावर मियाचीच आकृती होती. तीही तीन मोसमांत आटोपली. २०१३ मध्ये सुरू झालेली तिसरी लीग मात्र टिकली. २०२२ मध्ये अमेरिकी महासंघानं स्त्री-पुरुष संघांना समान वेतन देण्याचा करार केला. लॉस एंजेलिसच्या ‘एंजल सिटी’ या महिला क्लबच्या मालकांमध्ये मियानंही भागीदारी घेतली आणि २०२४ च्या व्यवहारात त्या क्लबचं मोल २५ कोटी डॉलर ठरलं. पहिल्या लीगचं सगळं मूळ भांडवल चार कोटींचं होतं, हे इथं आठवावं.

कायदा एका सहीनं होतो. त्या सहीतून खेळाडू घडायला पंधरा वर्षं लागली आणि त्या खेळाडूंना पगार देणारी लीग टिकायला एकेचाळीस. मियाच्या वाट्याला यातले तीन मोसम आले. तिच्यामागून आलेल्या मुलींना मात्र खेळून पोट भरणं हा पेशा म्हणून निवडता आला.