ख्रिसमसच्या मैफलीत नवं संगीत कसं निवडतात? ‘पॉप्स’ कॉन्सर्टची यादी अशी ठरते

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला नेमाने जाणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. गायक कितीही तयारीचा असला तरी दोन तासांत ओळखीचं एकही गाणं आलं नाही, तर लोकांचं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं. आणि सगळीच गाणी दरवर्षीची असली, तर पुढच्या वर्षी ‘तेच तर असतं’ म्हणत काही जण घरीच बसतात.

अमेरिका आणि युरोपातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांसमोर दर डिसेंबरला नेमका हाच पेच असतो. ख्रिसमस आणि नववर्षाच्या मैफलींमध्ये लोकांना आवडतं ते वाजवायचं, पण आजच्या संगीतकारांसाठीही जागा काढायची. ती जागा कशी काढतात? कोणती नवी रचना चालते, कोणती पडते? आणि या निर्णयात चवीपेक्षा हिशेब किती असतो? समजून घेऊया.

‘पॉप्स’ म्हणजे काय?

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की गणेशोत्सवातला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. इथे आपण बोलतोय ते सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल, म्हणजे व्हायोलिनपासून टिंपनीपर्यंत साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वादकांच्या ताफ्याबद्दल.

या ताफ्याने हलकंफुलकं, लोकप्रिय संगीत वाजवलं की त्याला ‘पॉप्स कॉन्सर्ट’ म्हणतात. यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव बॉस्टन पॉप्स. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन यांनी 1885 मध्ये या मैफली सुरू केल्या. नेहमीचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्यातही वादकांना काम मिळावं आणि लोकांना हलकं संगीत ऐकायला मिळावं, हा त्यामागचा हेतू होता. टेबलाभोवती बसून खात-पीत संगीत ऐकण्याची तिथली पद्धत आजही टिकून आहे. डिसेंबरमध्ये याच ऑर्केस्ट्राच्या ‘हॉलिडे पॉप्स’ मैफली होतात.

लंडनमध्ये 1895 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रॉम्स’ महोत्सवाची शेवटची रात्रही अशीच उत्सवी असते. लोक झेंडे घेऊन येतात आणि ऑर्केस्ट्राबरोबर गातात.

मग नवं वाजवायचंच कशाला?

त्याचं उत्तर ‘स्ले राइड’ या तीन मिनिटांच्या रचनेत सापडतं. घोड्यांच्या टापा, चाबकाचा फटका आणि शेवटी ट्रम्पेटवर काढलेलं घोड्याचं खिंकाळणं. अमेरिकेत ही रचना वाजली नाही तर डिसेंबर आल्यासारखा वाटत नाही.

लेरॉय अँडरसन यांना ती सुचली 1946 च्या जुलैमध्ये, ऐन उन्हाळ्यात. बॉस्टन पॉप्सने आर्थर फीडलर यांच्या दिग्दर्शनाखाली ती पहिल्यांदा वाजवली 4 मे 1948 रोजी, म्हणजे तेव्हाही थंडी नव्हतीच. त्या संध्याकाळी सभागृहात बसलेल्यांसाठी ती एका हयात संगीतकाराची कोरी करकरीत रचना होती. मिचेल पॅरिश यांचे शब्द तिला मिळाले ते नंतर, 1950 मध्ये.

आज ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो, ते एके काळी कुणीतरी धाडस करून यादीत घातलेलं नवं पान असतं. फीडलर यांनी 1930 पासून जवळपास पन्नास वर्षं बॉस्टन पॉप्सचं दिग्दर्शन केलं. एवढ्या काळात त्यांनी फक्त जुनंच वाजवलं असतं, तर ‘स्ले राइड’ त्या मंचावर पोहोचलंच नसतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अनेक कुटुंबं वर्षभरात ऑर्केस्ट्राची एकच मैफल ऐकतात आणि ती डिसेंबरची असते. तिथे आजचा संगीतकार नसेल, तर त्या श्रोत्यांसाठी तो अस्तित्वातच नसतो. ऑर्केस्ट्राचं संगीत लिहिणारी माणसं आजही आहेत, हे त्या घरातल्या मुलांना कळणार कुठून?

एकाच मंचावरचे दोन प्रयोग

नवं संगीत कसं निवडू नये आणि कसं निवडावं, याची दोन्ही उदाहरणं प्रॉम्सच्या शेवटच्या रात्रीनेच दिली आहेत.

1995 मध्ये त्या रात्री हॅरिसन बर्टविसल यांची ‘पॅनिक’ ही नवी रचना वाजली. सॅक्सोफोन आणि ड्रमसेट पुढे, चाल कर्कश, लांबी साधारण 18 मिनिटं. झेंडे घेऊन आलेल्या आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकांना याची तयारीच नव्हती. बीबीसीकडे तक्रारींचा पाऊस पडला. रचना कच्ची होती असं नाही, तिचे चाहते आजही आहेत. पण त्या रात्री लोक ज्यासाठी जमले होते, त्याच्याशी तिचा सूर जुळला नाही.

2013 मध्ये याच रात्रीसाठी ॲना क्लाइन यांच्याकडून ‘मास्करेड’ लिहून घेतली गेली. मरिन ऑल्सोप यांनी ती सादर केली आणि शेवटच्या रात्रीचं दिग्दर्शन करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. रचना पाचच मिनिटांची. कल्पना अठराव्या शतकातल्या लंडनच्या बागांमध्ये होणाऱ्या मैफलींवरून घेतलेली, आत एका जुन्या इंग्लिश नृत्याची धून गुंफलेली. ऐकायला पूर्ण आजची, पण जत्रेच्या मूडमधली. ती आता इतर ऑर्केस्ट्राही वाजवतात.

फरक जुन्या-नव्याचा नव्हता, कारण दोन्ही रचना त्या दिवशी नव्याच होत्या. फरक पडला तो लांबीचा आणि श्रोत्याला धरायला काही आधार देण्याचा.

निवड करताना काय पाहतात?

1. लांबी. अनोळखी रचना तीन ते सहा मिनिटांची असेल तर श्रोता सहज सोबत येतो. जेसी मॉन्टगोमेरी यांची ‘स्टारबर्स्ट’ (2012) जेमतेम तीन मिनिटांची आहे. जॉन ॲडम्स यांची ‘शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन’ (1986) साधारण चार मिनिटांची. दहा मिनिटांची रचना घ्यायची असेल तर तिच्यात पाय थिरकायला लावणारं काहीतरी हवं. मेक्सिकोच्या आर्तुरो मार्केझ यांची ‘दान्सोन क्रमांक 2’ (1994) तशी आहे. क्लॅरिनेटच्या हळुवार सुरावटीने सुरू होते आणि बघता बघता सगळा ऑर्केस्ट्रा नाचायला लागतो.

2. कानाला आधार. ठळक ताल, ओळखीचा नृत्यप्रकार, जुनी धून किंवा डोळ्यांसमोर चित्र उभं करणारं नाव, यांपैकी एक तरी असावं. ‘शॉर्ट राइड’मध्ये सुरुवातीपासून वुडब्लॉकचा ठोका चालू असतो. बाकीचे सूर कितीही धावले तरी कानाला तो ठोका पकडून ठेवता येतो.

3. नाव आणि प्रसंग. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण ‘शॉर्ट राइड’ला तो दोनदा भोवला. ‘वेगवान यंत्रातली छोटी सफर’ अशा अर्थाची ही रचना 1997 च्या प्रॉम्सच्या शेवटच्या रात्री वाजणार होती. त्याच्या काही दिवस आधी प्रिन्सेस डायना यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला आणि रचना मागे घेतली गेली. 2001 मध्ये ती पुन्हा यादीत आली आणि 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर पुन्हा काढावी लागली. संगीत तेच होतं, पण श्रोत्यांनी नाव वाचून काय आठवलं असतं, हे आयोजकांना टाळता येत नाही.

4. सण सगळ्यांचा आहे का? डिसेंबरच्या सभागृहात ख्रिश्चन, ज्यू, हिंदू, मुस्लिम आणि कुठलाच धर्म न मानणारे असे सगळे असतात. त्यामुळे हिवाळा, प्रकाश, प्रवास, नृत्य अशा विषयांवरच्या रचना सोयीच्या ठरतात. ‘स्ले राइड’च्या शब्दांतही ख्रिसमसचा उल्लेख नाही. ते गाणं फक्त बर्फातल्या सफरीचं आहे.

5. वादक पुरतील का? प्रत्येक रचनेला कोणती वाद्यं लागतात, हे आकड्यांत लिहायची पद्धत आहे. ‘2-2-2-2, 4-2-3-1’ म्हणजे दोन बासऱ्या, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बसून. मग चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्युबा. ‘शॉर्ट राइड’ला चार क्लॅरिनेट आणि चार ट्रम्पेट लागतात. लहान ऑर्केस्ट्राला चार मिनिटांसाठी बाहेरून वादक बोलवावे लागले, तर खर्च वाढतो. उलट ‘स्टारबर्स्ट’ फक्त तंतुवाद्यांसाठी आहे. ती वाजत असताना फुंकून वाजवायच्या वाद्यांचे वादक दम खातात. डेव्हिड डॅनियल्स यांच्या ‘ऑर्केस्ट्रल म्युझिक’ या 1972 पासूनच्या संदर्भग्रंथात हजारो रचनांची लांबी आणि वाद्यसंख्या अशीच दिलेली आहे. अनेक ग्रंथपालांचा तो हाताशी असणारा आधार आहे.

6. तालीम किती? पॉप्स मैफलीला बहुतेक वेळा एक किंवा दोनच तालमी मिळतात. अमेरिकेत एक तालीम साधारण अडीच तासांची. त्यात पाहुणा गायक, माइकची चाचणी आणि डझनभर तुकडे बसवायचे असतात. ‘नटक्रॅकर’ वादकांच्या बोटांत बसलेलं असतं, नवी रचना मात्र शून्यापासून बसवावी लागते. म्हणून ऐकायला सोपी पण वाजवायला अवघड रचना फसवी ठरते.

7. हक्कांचा खर्च. चायकोव्हस्की यांच्या ‘नटक्रॅकर’ (1892) वर आता कुणाचे हक्क नाहीत, पण त्याची एखादी नवी मांडणी घेतली तर तिचे हक्क असू शकतात. हक्काखालच्या रचनेची वाद्यवार स्वरलिपी बहुधा विकत मिळत नाही, ती प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावी लागते. वर सादरीकरणाचा परवाना वेगळा. ‘स्ले राइड’ पंचाहत्तरीच्या पुढे गेलं, तरी अमेरिकेत अजून संरक्षित आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतात, युरोपीय संघात 70 वर्षं. चांगली गोष्ट म्हणजे अनेक मोठे प्रकाशक पूर्ण स्कोर संकेतस्थळावर फुकट वाचायला देतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी रचना पारखून घेता येते.

यादीत नवी रचना कुठे ठेवायची?

निम्मं काम इथेच होतं. सुरुवातीला श्रोते ताजेतवाने असतात, म्हणून छोटी, जोशपूर्ण नवी रचना उघडायला चांगली. दोन ओळखीच्या तुकड्यांच्या मध्येही ती सुखाने बसते. शेवट मात्र ओळखीचाच हवा, कारण लोक तोच गुणगुणत घरी जातात. समजा, एक नमुना यादी करायची आहे. ती अशी होईल:

पूर्वार्ध
- ‘मास्करेड’: 5 मिनिटं
- ‘नटक्रॅकर’मधले तीन तुकडे: 10 मिनिटं
- ‘स्टारबर्स्ट’: 3 मिनिटं
- पाहुण्या गायकाची तीन गाणी: 12 मिनिटं

उत्तरार्ध
- ‘दान्सोन क्रमांक 2’: 10 मिनिटं
- ‘होम अलोन’ (1990) चित्रपटातलं जॉन विल्यम्स यांचं संगीत: 5 मिनिटं
- प्रेक्षकांसोबत गायची गाणी: 10 मिनिटं
- ‘स्ले राइड’: 3 मिनिटं

एकूण 58 मिनिटांपैकी 18 मिनिटं आजच्या संगीतकारांची. चित्रपटसंगीत यात धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा 23 वर जातो. तरीही सभागृहातून बाहेर पडताना कुणाला ‘आज सगळं अनोळखीच होतं’ असं वाटणार नाही.

दिग्दर्शकाने माइक हातात घेऊन रचनेबद्दल अर्धा मिनिट बोलणं हाही यादीचाच भाग असतो. ‘आता क्लॅरिनेटकडे लक्ष द्या’ एवढं सांगितलं तरी पुरतं. व्याख्यान झालं तर मात्र लोक खुर्चीत चुळबुळ करायला लागतात.

मुंबईत याचा काही धागा आहे का?

आहे. मुंबईच्या एनसीपीएमध्ये 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. या ऑर्केस्ट्राने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ ही रचना लिहून घेतली आणि 2015 मध्ये ती सादर झाली. ती सणाची मैफल नव्हती, पण सूत्र तेच होतं. तबल्याच्या एकल वादनाची सुरुवात पेशकाराने होते, हे ज्या श्रोत्याला माहीत आहे, त्याच्या कानाला नव्या रचनेत शिरायचं दार सापडतं.

नवी रचना पडली तर?

कधी कधी पडतेच. तीन मिनिटांची रचना पडली, तर संध्याकाळ वाया जात नाही, कारण पुढचा तुकडा मैफल सावरून घेतो. अठरा मिनिटांची पडली, तर लोक फक्त तेवढंच लक्षात ठेवतात. म्हणून जाणते आयोजक दर वर्षी एक-दोन छोट्या रचना लावून बघतात आणि आवडलेली पुढच्या वर्षी पुन्हा वाजवतात. दुसऱ्यांदा ऐकताना ती थोडी ओळखीची वाटते. चौथ्या-पाचव्या वर्षी ती यादीत नसेल, तर तिकीट खिडकीवर कुणीतरी विचारतं, ‘यंदा ते नाही का?’