बादलीच्या तळाचा गाळ

शहापूरचं घर म्हटलं की मला बोअरिंगच्या पाण्याची बादली आठवते. रात्री भरून ठेवली की सकाळी तळाशी तांबूस गाळ. आजी वरवरचं पाणी हलक्या हाताने काढून घ्यायची आणि आम्हां पोरांना दटावायची, "ढवळू नका रे, गंज वर येईल!"

परवा जिवाणूंकडून भूजलातले धातू काढण्याबद्दल वाचत होतो आणि हीच बादली डोळ्यासमोर आली. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की गंज होऊन खाली बसतं. काही जिवाणू हेच काम करून त्यावर जगतात, असं विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1888 मध्ये मांडलं होतं.

पुढे 1987 मध्ये डेरेक लव्हली यांना अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात उलट स्वभावाचे जिवाणू सापडले. आपण प्राणवायू वापरतो तसा हे गंज वापरतात! नंतर त्यांना जिओबॅक्टर हे नाव मिळालं. 1991 मध्ये कळलं, की ते पाण्यातल्या युरेनियमचंही न विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करतात. मग 2002 मध्ये कोलोरॅडोतल्या रायफल गावी, युरेनियमच्या जुन्या कारखान्याच्या जागी, जमिनीखाली ॲसिटेट सोडलं. म्हणजे जिवाणूंना खाऊच घातला. काही आठवड्यांत पाण्यातलं युरेनियम उतरलं. पण पुढे दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढले आणि काम मंदावलं.

आता खरी गोम. 2004 मध्ये पश्चिम बंगालच्या गाळावर प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की असेच लोह वापरणारे जिवाणू गाळाला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सोडतात. एकीकडे विष बांधणारे, दुसरीकडे विष मोकळं करणारे!

आपल्याकडचं उदाहरण सावनेर तालुक्यातल्या गुमगावचं. तिथल्या मँगनीज खाणीच्या मातीच्या ढिगावर नागपूरच्या नीरीने साखर कारखान्याचा प्रेसमड आणि मुळांशी राहणारे जिवाणू व बुरशी घालून झाडं वाढवली. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. झाडांनी माती धरली, की पावसाबरोबर धातू खाली झिरपणं कमी होतं. आपल्या तुमसर तालुक्यातही चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्याच खाणी आहेत, म्हणून मला हे जवळचं वाटलं.

शेण कुजतं, तेल जिवाणू खाऊन टाकतात. धातू मात्र कुजत नाही. तो फक्त विरघळतो किंवा खाली बसतो. म्हणून "जिवाणूंनी पाणी स्वच्छ केलं" असं कुणी सांगितलं, तर विचारायला हवं, की खाली बसलेल्यावर पुढची वीस वर्षं लक्ष कोण ठेवणार? विहिरींचं पाणी दरवर्षी कोण तपासणार?

आजी ती बादली शेवटी उकिरड्यावर उपडी करायची. जमिनीखालचा गाळ कुठे ओतणार?

असो.