भाड्याची खोली आणि अकरा महिन्यांचा शेजार

आपल्या वस्तीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "भाडेकरू आले आणि वस्ती बिघडली." मिटिंगमध्ये, नळावर, अगदी मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत बैठी घरे आणि चाळीतल्या खोल्या झपाट्याने भाड्याने जात आहेत हे खरे. पण हे वाक्य इतिहासाला धरून नाही, असे आमचे म्हणणे आहे. आपण बहुतेक सगळे भाडेकरूंचीच लेकरे. १९६१ साली देशातल्या शहरांत निम्म्याहून जास्त कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण साधारण २८ टक्क्यांवर आले. मग निव्वळ भाड्याने शेजार मोडतो हा हिशेब जुळायचा कसा?

खुद्द बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत भाडेकरू होते. १९१२ च्या सुमारापासून वीसेक वर्षे ते तिथे राहिले. दोन खोल्या, एकीत कुटुंबाचा संसार आणि दुसरीत अभ्यास. चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, घर भाड्याचे, पण माणूस वीस वर्षे एकाच जिन्यावर. गिरणगावातल्या सभा, मंडळे, वाचनालये, रात्रशाळा कोणी उभ्या केल्या? दहा बाय बाराच्या खोलीचे भाडे भरणाऱ्यांनीच ना!

भाडेकरूचा पाय घट्ट व्हायला कायद्याचीही मदत झाली. १९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधले गेले, आणि जो नियमित भाडे भरतो त्याला मालकाला सहजासहजी काढता येईना. ठाण्या-कल्याणच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींतही हेच चालले. पुढे पागडी आली, खोली बापाकडून पोराकडे गेली. शेजारी एकदा झाला की झाला, बारशापासून मयतीपर्यंत तोच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे इतके थोडे की मालक भिंतीला हात लावेना, आणि घर सोडले तर हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलेना. जुलै-ऑगस्ट २०१५ मध्ये आठवड्याभरात ठाकुर्लीची मातृकृपा आणि नौपाड्याची कृष्णनिवास या दोन जुन्या इमारती कोसळल्या, माणसे झोपेत गाडली गेली. पडक्या घराला चिकटून बसणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच कळते.

१९७३ साली सरकारने कायदा आणखी ताणला. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लीव्ह अँड लायसन्सवर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. झाले! मालक मंडळी अशी बिचकली की घर कुलपात ठेवतील, पण कोणाला देणार नाहीत.

मग १९८२ उजाडले. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही फक्त घरापुरते बोलतो. कित्येकांनी परळ-लालबागची खोली पागडीवर दिली, वाण्याची उधारी फेडली आणि उरल्या पैशांत कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण पूर्वेची कोळसेवाडी, काटेमानिवली अशा ठिकाणी एखादी खोली घेतली. वर पत्रा, दाराशी मोरी, पावसाळ्यात घरात पाणी. पण कोणाचे भाडे द्यायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू असलेला माणूस पहिल्यांदा घरवाला झाला. आपल्या वस्त्या अशाच भरल्या, आणि पहिल्या पाच-दहा वर्षांतच माणसांनी विहारासाठी विटा वाहिल्या, कारण इथून आता कुठे जायचे नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते.

तीच खोली आज भाड्याने का जाते? दोन गोष्टी एकदम घडल्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लायसन्सची मुदत संपली की मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे, आणि न निघणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई. मालकाची भीती गेली, कुलपे निघाली. दुसरीकडे कारखाने बंद होत होते. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली तेव्हा हजारो घरांतली चूल अडली. कामगाराला पेन्शन मिळते ती ईपीएस-९५ ची, तिची किमान रक्कम २०१४ साली ठरली महिना १,००० रुपये. त्यात औषधाच्या गोळ्या तरी येतील का? मुलगा कर्ज काढून बदलापूर-टिटवाळ्याला फ्लॅट घेतो, आईबाप त्याच्याकडे जातात, आणि जुन्या खोलीच्या भाड्यातून हप्ता सुटतो. कोणी पोटमाळा चढवतो, कोणी मध्ये भिंत घालून एका घराची दोन बिऱ्हाडे करतो. हे लोभाने होते असे आम्ही म्हणणार नाही. खोलीचे भाडे हीच म्हाताऱ्याची पेन्शन.

वस्तीवर त्याचा काय परिणाम झाला, तो वर्गणीच्या वहीत दिसतो. जुन्या वह्यांत तीच नावे तशीच ओळीने दर वर्षी. अलीकडच्या पानांवर "भाडेकरू" एवढाच शब्द, नाव नाही. पुढच्या वर्षी तिथे दुसराच कोणीतरी. अकरा महिन्यांनी खोली खाली करायची असेल तर माणूस गटाराच्या तक्रारअर्जावर सही कशाला करील? पोराची शाळा वर्षाआड बदलते. मतदार यादीत नाव गावालाच राहते, मग नगरसेवक त्याला मोजत नाही. सोसायट्यांत तर मतही मालकाचेच. तो राहतो बाहेरगावी, सभेला येत नाही. बिना-भोगवटा शुल्क तेवढे भरतो, तेही २००१ च्या सरकारी आदेशाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. राहणाऱ्याला आवाज नाही आणि आवाज असलेला राहत नाही!

इथे एक गोष्ट आपल्या लोकांनी विसरू नये. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा परदेशी पदव्या घेतलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत उतरले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. आज काठ्या नाहीत. एजंट आधी आडनाव विचारतो, मग नॉनव्हेज खाता का विचारतो, आणि "मालकांनी दुसऱ्याला दिली" म्हणून फोन ठेवतो. डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याची घरे मागून बघितली, २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातही हेच दिसले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या दाव्यात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवायला मुभा दिली. अशा काळात नोकरीसाठी मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या आपल्या पोरांना खोली मिळते ती आपल्याच वस्तीत. आणि आपल्यातले काही मालक बिहारच्या भाडेकरूला तेच प्रश्न विचारतात. हे बरे नाही, स्पष्टच सांगतो.

आता त्या अकरा महिन्यांचे. हा आकडा भाडे कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च चुकवायला ही सवय पडली. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात कोणताही करार, अकरा महिन्यांचाही, लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदवल्यास दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. मग चुकवायचे ते काय उरले? तीन वर्षांचा करार करता येतो, दर वर्षी भाडे किती वाढणार ते त्यातच लिहिता येते, आणि मुदतीनंतर खोली परत मिळायचे संरक्षण मालकाला तेवढेच राहते. फक्त दलालाची दर वर्षाची दलाली बुडते, म्हणून तो हे सांगत नाही.

आमच्या लाईनीत दोघा मालकांनी असे तीन वर्षांचे करार नोंदवले आहेत. त्यातल्या एका खोलीतली ताई आता महिला मंडळाचा हिशेब लिहितात, आणि त्यांची मुलगी नववीतून दहावीत त्याच शाळेत गेली. ज्यांना करार कसा लिहायचा ते बघायचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. नमुना आमच्याजवळ आहे.