पडद्याचे गुणोत्तर
पडद्याचे गुणोत्तर (आस्पेक्ट रेशो) म्हणजे चित्रचौकटीच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण होय. आधुनिक दूरचित्रवाणी संचांत ते सामान्यतः १६:९ असते. चित्राचे गुणोत्तर याहून वेगळे असल्यास पडद्याची उरलेली जागा काळी राहते. गुरुदत्त दिग्दर्शित 'कागज के फूल' (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाची चौकट सुमारे २.३५:१ आहे, त्यामुळे वर व खाली पडद्याच्या प्रत्येकी सुमारे १२ टक्के उंचीचे पट्टे दिसतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे जुने कार्यक्रम ४:३ चौकटीतील असल्याने पट्टे डावी-उजवीकडे येतात. हा संचातील दोष नव्हे. पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणल्यास आकृती विकृत होतात. प्रमाण राखून मोठे केल्यास सुमारे एक चतुर्थांश दृश्य कापले जाते.