शिष्यवृत्ती व करिअर मार्गदर्शन : चंद्रपूर-गडचिरोली

विदर्भाच्या पूर्वेकडील या दोन वनजिल्ह्यांत दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणारी आर्थिक मदत आणि पुढची दिशा दाखवणारा सल्ला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघाले ते २०११ मध्ये; तोवर विद्यापीठातल्या प्रत्येक कामासाठी नागपूर गाठावे लागे.

मदतीचा मुख्य भार शासकीय आश्रमशाळा, आदिवासी वसतिगृहे आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांवर आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. मूळ दर मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. रक्कम हप्त्यांनी खात्यात येते; खोलीभाडे आणि मेसचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. हप्ता लांबला की पोरगा गावी येतो, आणि रोवणीला लागलेला पोरगा पुन्हा कॉलेजात दिसेलच असे नाही.

पैशाआधी कागद लागतो. जात वैधता प्रमाणपत्राअभावी राखीव जागेवरचा व्यावसायिक प्रवेश हुकतो. जातीचा पुरावा १९५० पूर्वीचा असेल तर उत्तम. पण आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल शोधत तहसील कार्यालयाच्या चकरा सुरू होतात. ‘निकालाची वाट पाहू नकोस, आधीच अर्ज टाक’ असे सांगणारे गुरुजी शाळेत असणे, हेच इथले पहिले करिअर मार्गदर्शन.

राज्य मंडळाने २०१६ पासून दहावीसाठी कल चाचणी घेतली. तिच्या सात क्षेत्रांत गणवेशधारी सेवाही होती. भल्या पहाटे डांबरी सडकेवर भरतीसाठी धावणाऱ्या इथल्या पोरांना त्यासाठी चाचणीची गरज नव्हती. पोलीस, वनरक्षक, शिक्षक, परिचारिका ही डोळ्यांसमोर दिसणारी माणसे. निवड त्यांच्यातूनच होते. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, वनरक्षक, शिक्षक आदी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली, तेव्हा या नोकऱ्यांकडचा ओढा आणखी वाढला.

वेगळी वाट दिसते ती भामरागड तालुक्यातील हेमलकशात. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा काढली. राहणे, जेवण, शिकवणे आणि पुढे कुठे जायचे हे सांगणे, सारे एकाच ठिकाणी. सल्ला आणि खर्च यांची फारकत नव्हती. याच शाळेतले कन्ना मडावी डॉक्टर झाले. लालसू नोगोटी हेही इथलेच; ते माडिया आदिवासी समाजातले पहिले वकील. २०१७ मध्ये ते गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले.